सगळ्या धर्मांत सारख्याच कथा कशा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न तेच तेच येतायत, म्हणून यावेळी एकत्रच घेतो.

प्रलयाची कथा सगळीकडे आहे, म्हणजे जगभर एकदाच पूर आला होता ना?

नाही. 1929 मध्ये उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूली यांनी इराकमधल्या प्राचीन ऊर शहरात गाळाचा जाड थर सापडल्यावर हाच तो पूर असं जाहीर केलं होतं, पण आजूबाजूच्या शहरांतल्या थरांचा काळ त्याच्याशी जुळला नाही. नदीकाठी राहणाऱ्यांना पूर वेगवेगळे येतच असतात.

मग बायबलमधल्या नोहाची आणि आपल्या मनूची कथा गिल्गमेश या प्राचीन इराकमधल्या महाकाव्यावरून उचलली का?

दोन्ही एकाच मापाने मोजू नका. गिल्गमेशच्या अकराव्या मातीच्या पाटीत पूर ओसरला का बघायला आधी कबुतर सोडतात, मग पाकोळी, मग कावळा. नोहाही कावळा आणि कबुतर सोडतो, इतका बारीक तपशील जुळतो तेव्हा संबंध मानावाच लागतो. शिवाय कथा फिरत होत्या याचा हातात धरता येईल असा पुरावा आहे, इजिप्तमधल्या अमार्नाला अदापा नावाच्या माणसाच्या बाबिलोनी (प्राचीन इराकमधल्या) कथेची पाटी सापडली आणि तिच्यावर शब्द वेगळे करायला लाल ठिपके दिलेत, म्हणजे परकी भाषा शिकणारं कुणीतरी ती वाचत होतं. मनूचं वेगळं आहे. शतपथ ब्राह्मणात हात धुताना ओंजळीत छोटा मासा येतो, तो आधी घागरीत, मग खड्ड्यात, मग समुद्रात, आणि शेवटी नाव त्याच्या शिंगाला बांधतात. पक्षी नाहीत, प्राण्यांच्या जोड्या नाहीत. इथे उसनवारी ठामपणे सांगणाऱ्याला पुरावा विचारा.

आपल्याकडे इंद्र वृत्राला मारतो आणि उत्तर युरोपातला थॉर देव सर्पाशी लढतो, हा योगायोग?

बहुतेक नाही, भाषाच एका कुळातल्या आहेत आणि प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांकडेही वादळाचा देव सापाला मारतो.

मुलाला नदीत सोडायची कथा प्राचीन इराकमधल्या सार्गोन राजाची, बायबलमधल्या मोझेसची आणि कर्णाचीही. सार्गोन सगळ्यात जुना, म्हणजे मूळ तिथलंच ना?

इथे जरा थांबा, कारण सगळा घोळ इथेच होतो. सार्गोन राजा इसवी सनापूर्वी तेविसाव्या-चोविसाव्या शतकातला, पण डांबर लावलेल्या टोपलीची त्याची जन्मकथा ज्या पाट्यांवर आहे त्या साधारण इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासच्या, म्हणजे मध्ये दीड हजाराहून जास्त वर्षं गेली! नायक जुना म्हणून कथा जुनी होत नाही, आणि उशिरा लिहिली म्हणून ती नवीच असेल असंही नाही, आधी तोंडी असू शकते. थॉरच्या कथांचं तेच, आपण वाचतो ती बरीचशी इसवी सनाच्या तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिलेली, तोवर तिथे ख्रिस्ती धर्म येऊन दोनेकशे वर्षं झाली होती. मिशनरी पोचल्यावर नोंदलेल्या पूरकथांत तर नोहा मिसळला का हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. म्हणून कुठलीही तुलना वाचताना नोंद कधीची, कुणी केली, सांगणारा कोण, हे आधी बघा. ते दिलेलं नसेल तर त्या तुलनेवरून काहीही ठरवू नका, त्या भाषेच्या अभ्यासकाला विचारा.

एका व्हिडिओत इजिप्तचा देव होरस याचा जन्म येशूसारखाच 25 डिसेंबरचा आणि शिष्यही बारा असं सांगितलंय. पुढचा भाग पैसे भरून बघू का?

नको. इजिप्तच्या जुन्या लेखांत यातलं काहीही नाही, आणि ‘दडवलेलं सत्य’ म्हणून जे विकतात ते मूळ लेखाचा क्रमांक कधीच देत नाहीत. तेवढा एक मागून बघा.

मग या कथा परग्रहवासींनी दिल्या का?

नाही.

आमच्याकडची प्रलयकथा आता दोन-तीन वयस्कर लोकांनाच येते. नीट अभ्यास करून मग नोंदवू का?

अहो, अभ्यास नंतर! आजच रेकॉर्ड करा. मध्ये टोकू नका, त्यांच्याच बोलीत राहू द्या, आणि तारीख, सांगणाऱ्याचं नाव, त्यांनी कुणाकडून ऐकली हे त्यांना विचारून लिहा. अर्थ लावायच्या आधी मात्र लोककथांच्या अभ्यासकाला ऐकवा, मनूशी की नोहाशी जुळते हे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका.