वाचकांचे प्रश्न : डोमिनोच्या कोड्याला हात कुठून घालावा?

प्रश्न : सकाळी कमला नेहरू उद्यानात फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींमध्ये हल्ली सुडोकूपेक्षा ‘पिप्स’ या डोमिनोच्या रोजच्या कोड्याची चर्चा जास्त असते. सोपे कोडे मला सुटते; अवघड पातळीवर मात्र वरच्या कोपऱ्यापासून एकेक सोंगटी बसवत गेलो, की अखेरीस एखादी सोंगटी अशी उरते, की ती कुठेच बसत नाही. माझी पद्धत चुकते आहे का?
— एक सेवानिवृत्त वाचक, एरंडवणे, पुणे

उत्तर : होय, पद्धतच बदलायला हवी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २०२५मध्ये सुरू केलेल्या या कोड्यात रोज सोपे, मध्यम आणि अवघड असे तीन पट असतात. प्रत्येक सोंगटीला दोन टोके असतात, प्रत्येक टोकावर शून्य ते सहा ठिपके असतात आणि ती शेजारची दोन घरे व्यापते. दिलेल्या सर्व सोंगट्या वापरून पटावरची सर्व घरे भरायची, आणि रंगीत विभागांवरच्या अटी पाळायच्या, एवढाच नियम आहे. विभागावर नुसता आकडा असेल तर तेथील ठिपक्यांची बेरीज तेवढी व्हावी लागते. बरोबरचे चिन्ह असेल तर सर्व घरांत एकच संख्या हवी, त्यावर काट असेल तर सर्व संख्या वेगळ्या हव्यात. आणि ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठे’ या चिन्हांचा संबंध पुन्हा बेरजेशीच असतो. रंग नसलेल्या घराला कोणतीही अट नसते. नेहमीच्या डोमिनोत शेजारच्या टोकांच्या संख्या जुळाव्या लागतात, तसे येथे नाही. ती सवय अंगवळणी पडलेल्यांची गाडी पहिल्या दिवशी हमखास येथेच अडते.

पटाकडे वळण्याआधी सोंगट्यांची मोजदाद करावी, असा माझा आग्रह आहे. समजा, ०-०, ०-३, ३-५, ५-५ आणि ४-१ या पाच सोंगट्या मिळाल्या आहेत. पटावर तीन घरांचा एक ‘सर्व समान’ विभाग आहे आणि दोन घरांच्या दुसऱ्या विभागाची बेरीज १० हवी आहे. तीन वेळा येणाऱ्या संख्या दोनच, शून्य आणि पाच. दोन घरांत १० ही बेरीज ६ आणि ४ किंवा ५ आणि ५ अशीच होऊ शकते. आपल्याजवळ सहा नाही, म्हणून तेथे दोन पाच जातात आणि समान विभागासाठी तीन पाच उरत नाहीत. म्हणजे तो विभाग शून्यांचा. मग ०-० ही सोंगटी संपूर्णपणे त्याच विभागात बसणार, आणि ०-३ या सोंगटीतला तीन त्या विभागाला लागून असलेल्या बाहेरच्या घरात जाणार. एकही सोंगटी न हलवता आपल्याला एवढे कळले. अशा सर्वांत जाचक अटी, म्हणजे मोठा समान विभाग किंवा फार मोठी वा फार लहान बेरीज, आधी हाताळाव्यात. सैल अटींची घाई करू नये.

आता उरणाऱ्या सोंगटीविषयी. पटाचा आकार वेडावाकडा असल्यामुळे काही घरांना एकच शेजारी असतो. तेथे सोंगटी कोणती हे ठाऊक नसले तरी ती कशी पडणार हे ठरलेलेच असते, म्हणून अशी घरे आधी हेरून ठेवावीत. त्याशिवाय बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे घरे मनातल्या मनात एकाआड एक काळी-पांढरी रंगवावीत. प्रत्येक सोंगटी एक काळे आणि एक पांढरे घर व्यापते. त्यामुळे रिकाम्या घरांच्या एखाद्या कप्प्यात काळी चार आणि पांढरी दोन उरली, तर तो कप्पा कोणत्याही सोंगट्यांनी भरणे अशक्य असते आणि चूक अगोदरच्या मांडणीत झालेली असते. संख्या समान असल्या म्हणजे कप्पा भरेलच असे नाही, पण निरर्थक खटपट बरीच वाचते.

एक युक्ती फारसे कोणी वापरत नाही. सगळ्या सोंगट्यांवरचे ठिपके मोजावेत (वरच्या उदाहरणात ते २६ आहेत) आणि त्यांतून बेरीज दिलेल्या विभागांचे आकडे वजा करावेत. बाकी सर्व घरे अशा बेरजेच्या विभागांत असून अटीविना एकच घर उरले असेल, तर त्यातली संख्या आयतीच हाती येते.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या हाती मोबाइल न देता हे कोडे घरी खेळता येईल का?
— एक पालक, धायरी, पुणे

उत्तर : अवश्य. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणावे आणि ०-० पासून ६-६ पर्यंतच्या २८ सोंगट्या कापाव्यात. त्यांत सात जोड्या, म्हणजे दोन्ही बाजूंना समान संख्या असलेल्या सोंगट्या, असतात. पूर्ण संचात प्रत्येक संख्या आठ वेळा येते आणि ठिपके एकूण १६८ भरतात, त्यामुळे मोजून पाहिले की एखादी सोंगटी राहून गेली असल्यास लगेच कळते.

कोडे उलटीकडून रचावे : पाच-सहा सोंगट्या मनाला येईल तशा एकमेकींना लावून मांडाव्यात, त्यांच्या बाहेरची सीमारेषा चौकटीच्या कागदावर उतरवावी, घरांचे विभाग पाडावेत आणि त्यांत पडलेल्या संख्यांवरून अटी लिहाव्यात. नंतर सोंगट्या उचलून कागद मुलीपुढे ठेवावा. असमान टोकांची सोंगटी एकाच बेरजेच्या विभागात पूर्ण बसत असेल, तर ती उलटी ठेवूनही अट पाळली जाते; म्हणून मुलीचे उत्तर आपल्या मांडणीहून वेगळे निघाले, तरी अटी तपासून ते बरोबर धरावे. एकच उत्तर यावे असे वाटत असेल, तर सोंगट्यांची दोन टोके वेगवेगळ्या विभागांत पडतील अशा रीतीने रेषा आखाव्यात आणि मांडणी बदलून दुसरे उत्तर निघते का, हे स्वतः एकदा पाहावे.