प्रोफाइल आहे, पण कोणी पाहत नाही

नोकरीच्या प्रश्नावर समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून गेल्या काही वर्षांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळावर प्रोफाइल तयार केले, शिक्षण भरले, फोटो लावला, दिसेल त्या जाहिरातीला अर्ज केला, तरी ना फोन येतो ना निरोप. मग कमी कुठे पडते, असा तो प्रश्न असतो. तो पुण्या-मुंबईच्या उमेदवारांनाही पडतो, परंतु मराठवाड्यातील माणूस तो विचारतो तेव्हा त्याच्या तळाशी आणखी एक शंका दडलेली असते: आपण इथे जे काम केले, त्याला बाहेर काही किंमत आहे का? जालन्याच्या एका बाईंच्या अनुभवातून या प्रश्नाकडे पाहता येईल. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी पदवीधर. जालना हे बियाणे उद्योगाचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे या परिसरात बियाण्यांच्या लहानमोठ्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. अशाच एका कंपनीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत या बाईंनी सात वर्षे काम केले. 2020 मध्ये मुलीचा जन्म आणि पाठोपाठ सासूबाईंचे आजारपण यांमुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी पुन्हा काम शोधायला सुरुवात केली. भाच्याने लिंक्डइनचे खाते उघडून दिले, आणि काही महिने वाट पाहून त्या माझ्याकडे आल्या त्या पुरत्या खचूनच. "मॅडम, कुणी बघतसुद्धा नाही. माझं वय झालं का आता?" हे त्यांचे पहिले वाक्य होते. वय चौतीस.

अशा वेळी मी आधी प्रोफाइल उघडायला सांगते, धीर नंतर देते. कोणी पाहत नाही, ही त्यांची खात्री निम्मी तरी एका सेटिंगमुळे झालेली होती. भाच्याने सुरक्षिततेच्या हेतूने खाते खाजगी पद्धतीवर ठेवले होते, म्हणजे त्यांनी दुसऱ्याचे प्रोफाइल पाहिले तर त्यांचे नाव त्याला दिसू नये अशी सोय. मोफत खात्यात ही सोय चालू केली की आपले प्रोफाइल कोणी पाहिले, याची यादीही आपल्याला दिसेनाशी होते. रिकाम्या यादीचा अर्थ त्यांनी स्वतःच्या लायकीशी जोडला होता आणि कित्येक रात्री त्या अर्थावर काढल्या होत्या. ती सोय बंद केली. पुढच्या भेटीपर्यंत यादीत तीन-चार नावे आली, आणि त्यांतले एक त्यांच्याच जुन्या कंपनीतले होते.

उरलेली निम्मी अडचण मात्र खरी होती. नावाखालच्या ओळीत भाच्याने लिहिले होते, 'नवीन संधीच्या शोधात'. ही ओळ लाखो लोकांच्या प्रोफाइलवर आहे आणि तिचा उपयोग जवळपास शून्य आहे, कारण माणूस शोधणारा अधिकारी 'संधीच्या शोधात' हे शब्द टाइप करीत नाही. तो पदाचे नाव, एखादे कौशल्य आणि ठिकाण टाइप करतो, व ज्यांच्या प्रोफाइलवर ते शब्द आहेत त्यांची यादी त्याच्यासमोर येते. या बाईंच्या प्रोफाइलवर 'बियाणे' हा शब्द फक्त जुन्या कंपनीच्या नावात होता. अनुभवाच्या रकान्यात पदाचे नाव आणि साल, एवढेच. बाकी कोरे.

कोरे का ठेवले, असे विचारल्यावर खरा विषय निघाला. "जे काम होतं ते करत होते, त्याचं काय लिहायचं? आपणच आपली पाठ थोपटायची का?" आमच्याकडे अशा संकोचाला सद्गुण मानतात आणि घरातल्या सुनेत तर तो विशेष वाखाणला जातो. सासूबाई बरे वाटू लागल्यापासून विचारीत, "मोबाईलवर काय करायलीस इतका वेळ?" म्हणजे घरात उत्तर द्यायचे, बाहेर स्वतःबद्दल बोलायचे, आणि दोन्ही ठिकाणी अपराधी वाटायचे. मी त्यांना स्वतःची स्तुती लिहायला सांगितलीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत, खरिपाच्या तोंडावर, प्रयोगशाळेतला एक दिवस कसा जात असे तेवढे सांगा, असे म्हटले आणि मी लिहून घेऊ लागले.

त्या बराच वेळ बोलल्या. नमुना आला की त्याची नोंद, मग ओलावा, भौतिक शुद्धता, म्हणजे बियाण्यात काडीकचरा व इतर बी किती ते. त्यानंतर उगवणक्षमतेसाठी चारशे बिया शंभराच्या चार गटांत मोजून ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळणे, जर्मिनेटरमध्ये, म्हणजे तापमान व ओलावा राखणाऱ्या कपाटात ठेवणे आणि ठरलेल्या दिवशी सामान्य रोप, विकृत रोप, कठीण बी, मेलेले बी असे वेगवेगळे मोजणे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, मळणीत किंवा पोती आदळण्यात ते दुखावते, म्हणून एकाच शेतातल्या दोन लॉटचा, म्हणजे बियाण्याच्या दोन साठ्यांचा, निकाल वेगळा येऊ शकतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण 70 टक्के असावी लागते, आणि 68 आलेला लॉट पाहून गोदामातून फोन येत, "मॅडम, पुन्हा एकदा लावून बघा ना". त्या पुन्हा लावीत, पण आकडा जो येई तोच लिहीत. कापसाच्या संकरित वाणांची जनुकीय शुद्धता तपासण्यासाठी नमुना शेतात लावून झाडागणिक पाहणी करावी लागे, तिला त्यांच्याकडे ग्रो-आउट म्हणतात, आणि त्या पाहणीच्या नोंदी शेवटची तीन वर्षे त्यांच्याच जबाबदारीत होत्या. नव्याने आलेल्या मुलामुलींना रोपांचे मूल्यमापन शिकवण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. "ते काय, कुणीतरी शिकवायलाच लागतं", असे म्हणून त्या पुढे गेल्या. मी तेथेच थांबवले.

माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता, आणि तो त्यांच्या लेखी कामच नव्हता. जे रोज केले ते माणसाला कौशल्य वाटत नाही, सवय वाटते. समुपदेशकाने येथे कौतुक करण्यापेक्षा विचारीत राहावे, हे मला अधिक उपयोगी वाटते: किती नमुने, कोणती पिके, कोणाला शिकवले, निकाल कोणाच्या सहीने जात असे. या उत्तरांत एकही विशेषण नसते, आणि म्हणून ती लिहिताना पाठ थोपटल्यासारखे वाटत नाही.

त्या टिपणावरून प्रोफाइल इंग्रजीत लिहिले, कारण संकेतस्थळ आता मराठीतही वापरता येत असले तरी बियाणे कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग शोध इंग्रजीतच घेतात. नावाखालची ओळ झाली, 'सीड क्वालिटी अ‍ॅनालिस्ट, जर्मिनेशन आणि जेनेटिक प्युरिटी टेस्टिंग, कॉटन व सोयाबीन'. तेथे 220 अक्षरे मावतात, पण भरलीच पाहिजेत असे नाही. परिचयाच्या भागात 2,600 अक्षरांची मुभा असते. त्यांनी तीन छोटे परिच्छेद लिहिले आणि पहिल्या दोन ओळींत पिके, चाचण्या व अनुभवाची वर्षे आणली, कारण पुढचे वाचण्यासाठी वाचणाऱ्याला मुद्दाम दाबून उघडावे लागते. इंग्रजी साधे ठेवले. भाच्याने आणलेली भारदस्त वाक्ये आम्ही काढून टाकली. मुलाखतीत जी भाषा आपल्या तोंडी येणार नाही ती प्रोफाइलवर असू नये.

ठिकाणाबाबत एक बारीक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी भोकरदन तालुक्यातले सासरचे गाव लिहिले होते, प्रत्यक्षात त्या जालना शहरात राहत होत्या आणि साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरलाही रोज जाण्याची तयारी होती. शहराचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले, तरी शोध घेणारे अनेक जण अजून औरंगाबाद असेच टाइप करतात, म्हणून परिचयात दोन्ही नावे घातली. धाराशिवच्या उमेदवारांनाही मी हेच सांगते. येथे प्रश्न कोणते नाव योग्य याचा नसून शोधणाऱ्याच्या बोटांना कोणते सवयीचे आहे याचा असतो.

फोटो लग्नातला कापून लावलेला होता. तो बदलला, उजेडात, साध्या भिंतीसमोर, घरच्याच मोबाईलवर.

खंड पडलेल्या वर्षांची त्यांना सर्वाधिक भीती होती. ती वर्षे लपवण्यासाठी जुन्या नोकरीची तारीख पुढे ओढावी, असा सल्ला त्यांना एका ओळखीच्याने दिला होता. तो मी ठामपणे नाकारला, कारण अनुभवाचे पत्र तपासले की खोटे उघडे पडते आणि मग सात वर्षांच्या खऱ्या कामावरही संशय येतो. लिंक्डइनवर 2022 पासून 'करिअर ब्रेक' अशी स्वतंत्र नोंद करता येते व तिला बालसंगोपन, आजारी माणसाची सेवा अशी कारणे जोडता येतात. त्यांनी ती नोंद केली, खाली एकच वाक्य लिहिले आणि पुढे गेल्या.

मग दिसण्याचा प्रश्न आला. भाच्याचे मत होते की रोज काहीतरी टाकावे आणि रोज शंभर अनोळखी लोकांना ओळख जोडण्याच्या विनंत्या पाठवाव्यात. हजारो रुपये घेऊन हेच शिकवणारे वर्ग आता आपल्याकडेही निघाले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. या बाईंना हजार लोकांनी पाहण्याची गरज नव्हती. बियाण्याची गुणवत्ता तपासणाऱ्या पन्नास लोकांनी पाहिले असते तरी पुरे होते. म्हणून आम्ही विनंत्यांची यादी जुने सहकारी, विद्यापीठातले वर्गमित्र आणि जालना परिसरातील प्रयोगशाळांचे प्रमुख यांच्यापुरती ठेवली, आणि प्रत्येक विनंतीसोबत दोन ओळी लिहिल्या: आपली ओळख कुठली, आणि मी सध्या काय शोधत आहे. हैदराबादला गेलेल्या त्यांच्या जुन्या वरिष्ठांना निरोप पाठवायला त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. "सर म्हणतील, काम पडलं की आठवण आली." सरांनी त्याच संध्याकाळी उत्तर दिले आणि न मागता लेखी शिफारस लिहिली; तीत नवख्यांना शिकवण्याचा उल्लेख पहिल्याच वाक्यात होता.

नोकरीसाठी उपलब्ध असल्याची खूणही त्यांनी चालू केली, पण फोटोभोवती हिरवे कडे दिसेल अशी न ठेवता केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी. नात्यातल्या लोकांनी चर्चा करू नये, एवढाच त्यांचा हेतू होता आणि तो मला रास्त वाटला. नोकरीच्या आमिषाने पैसे मागणारे किंवा गप्पांसाठी चिकटणारे निरोपही आले. त्यांना उत्तर न देता तक्रार नोंदवायची आणि त्या माणसाला ब्लॉक करायचे, हे आधीच ठरले होते.

लेख म्हणाल तर त्यांनी एकच लिहिला. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या, त्या आठवणीवरून घरचे बियाणे पेरण्याआधी ते घरीच कसे तपासावे, हे त्यांनी सांगितले: राशीतून सरसकट शंभर बिया काढायच्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवून गुंडाळायच्या, ओलावा टिकवायचा, आणि आठवड्याने चांगले कोंब मोजायचे; सत्तरच्या खाली आले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच खाली असेल तर ते पेरायचे नाही. सोबत स्वतःच्या अंगणातल्या गोणपाटाचा फोटो. पसंतीचे आकडे लहानच राहिले, आणि पहिले दोन दिवस त्या आकड्यांकडे पाहून त्या पुन्हा उदास झाल्या. सकाळी एकदा आणि रात्री एकदाच पाहायचे, असे आम्हांला ठरवावे लागले. पण त्या थोड्या वाचकांत जालन्यातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्यांनी लेखाखाली विकृत रोपांच्या मोजणीबद्दल एक नेमका प्रश्न विचारला, बाईंनी नेमके उत्तर दिले, आणि आठवड्याने हंगामापुरत्या कामाचा निरोप आला.

हे काम कायमचे नाही आणि पगार जुन्या नोकरीपेक्षा कमी आहे, म्हणून शोध चालूच आहे. रुजू झाल्यावर त्यांनी फोन करून विचारले की हंगामी काम प्रोफाइलवर आत्ता लिहावे की संपल्यावर. आत्ताच लिहा, असे मी सांगितले, पदासोबत 'हंगामी' हा शब्द ठेवून. आणि 'करिअर ब्रेक'च्या नोंदीत शेवटचा महिना भरायचा राहिला आहे, तोही भरा.