सागाच्या सावलीत नेपियर लावून बायोगॅस कंपनीला विकणं परवडेल का?

खानापूरकडं पाच वर्षांचा साग आहे, मधली जागा पडून आहे, तिथं नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच हत्ती गवत, लावून बायोगॅस कंपनीला घालू का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका.

आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, नेमकं हेच केलं. कंपनीच्या एजंटानं दाखवलेला टनांचा आकडा उघड्या रानातला, पाणी-खत भरपूर असलेला. सावलीतला आकडा त्यानं सांगितलाच नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो, तर अण्णा म्हणाले, "गवतच ते, कुठंबी येतंय." श्रावणात कापणीला गेलो. बांधाकडेचे ठोंब उसासारखे जाड, डोक्याच्या वर गेलेले. चार ओळी आत शिरलो तर कांड्या करंगळीएवढ्या, पेरं लांबलेली, सगळी उजेडाकडं कललेली, ठोंबाला फुटवे दोन-तीन. कंपनी पैसे देणार वाळल्या वजनावर, आणि सावलीतल्या गवतात पाणीच जास्त. ट्रॉली भरलेली दिसायची, हातात काही यायचं नाही. अण्णा अजून म्हणतात, युरिया कमी पडला. युरियानं ऊन येत नाही!

नेपियर मक्या-उसाच्या जातीचं, त्याला रखरखीत ऊन लागतं. आणि सागाचं वेळापत्रक उलटं आहे. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर, तेव्हा साग पानांनी गच्च आणि वर आभाळ भरलेलं. पानं गळून खाली ऊन येतं ते उन्हाळ्यात, तोवर खानापूरच्या तांबड्या मातीत ओल राहत नाही. ज्या महिन्यात पाणी आहे त्या महिन्यात उजेड नाही. हे एजंटाला कुठनं कळणार?

तो अमेरिकेचंही सांगतो, की तिकडं पाइनच्या ओळींमध्ये स्विचग्रास नावाचं उंच गवत घेतात. तसे प्रयोग झालेत, पण रुंद पट्टे सोडून. झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडल्या की तिथंही गवत मागं पडतं.

सावलीत लावायचंच असेल तर गिनी गवत लावा, आणि कंपनीसाठी नको, दावणीसाठी लावा. ते सावली बऱ्यापैकी सोसतं. सावलीतल्या पाल्यात प्रथिनं जरा जास्तच असतात, जनावरं चवीनं खातात. माझ्या काजूखाली तेच आहे आणि अण्णांच्या म्हशी आता माझ्याच गवतावर आहेत. नेपियर हवंच असेल तर उघड्या रानात लावा. धारवाडच्या चारा संशोधन केंद्राची डीएचएन-६ जात आहे, ठोंब तिथं मिळतात का विचारा.

कुणाचा साग नुकताच लावलेला असेल किंवा ओळी वीस-पंचवीस फुटांवर असतील, तर पहिली दोन-तीन वर्षं नेपियरही चालेल, फक्त खालच्या फांद्या छाटत राहा. आणि हो, ढगाळ दिवसांत युरिया टाकून लगेच कापलेलं गवत जनावरांना घालू नका, त्यात नायट्रेट साठतं, ते जनावरांना विषारी. हे अण्णांनाही मी दोनदा सांगितलंय.