अमेरिकेच्या मॅचमध्ये (तिथल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागा वाटणाऱ्या प्रक्रियेत) जनरल सर्जरी हुकली, सोपमध्येही (उरलेल्या जागांच्या फेरीत) काही मिळालं नाही. आता प्रिलिमची एका वर्षाची सीट घ्यावी, रिसर्च करावा की परत येऊन नीट पीजी (इथली पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा) द्यावी, असं तुम्ही विचारलंय.

मार्चमधल्या त्या सोमवारी 'मॅच झाला नाहीत' असा मेल मलाही आला होता. मी लातूरला घरी होते, रात्रीची जेवणं चालली होती. कुठे मिळालं ते शुक्रवारी कळतं, पण आईने पेढे सोमवारीच आणून ठेवले होते. ते नंतर आठवडाभर कुणी खाल्ले नाहीत.

तुम्ही स्कोअर लिहिलाय, पेपर किती ते लिहिलंय, पण इंटरव्ह्यू किती आले ते लिहिलेलं नाही. सगळं त्यावर आहे. एक-दोनच आले असतील तर अर्ज गाळणीतच अडकला. अमेरिकन लायसन्सच्या परीक्षांपैकी स्टेप वन २०२२ पासून नुसती पास-नापास झाल्यामुळे स्टेप टूचा स्कोअर, पास होऊन झालेली वर्षं, व्हिसा आणि अमेरिकन सर्जनची शिफारसपत्रं यांवरच चाळणी लागते. आठ-दहा येऊनही हुकलं असेल तर अर्ज बरा आहे, समोर बसल्यावर काहीतरी बिनसतंय. किंवा 'इथे नको' म्हणून काही हॉस्पिटलांचे प्रोग्राम तुम्हीच रँक लिस्टमधून (पसंतीक्रमाच्या यादीतून) वगळलेत. पहिल्या आजारावर रिसर्च थोडाफार लागू पडेल, दुसऱ्यावर अजिबात नाही.

प्रिलिमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मी ती केली. कॅटेगोरिकल सीट म्हणजे पूर्ण रेसिडेन्सी, पाच वर्षांची, प्रिलिम एकाच वर्षाची. वॉर्ड तेच, नाइट ड्युट्या त्याच, आठवड्याला ८० तासांची मर्यादा तीच. ओटीत मात्र आपला नंबर शेवटी. पण खरी मेख वेगळी आहे. काम जुलैत सुरू होतं आणि पुढच्या मॅचचे अर्ज सप्टेंबरअखेर जातात. म्हणजे 'एक वर्ष राबून दाखवीन' असं आपण म्हणतो, पण दाखवायला मिळतात जेमतेम तीन महिने. हे गणित मला तिथे पोचल्यावर कळलं. मला पत्र देणाऱ्या सर्जनने माझं काम सहा आठवडे पाहिलं होतं, पत्रही तेवढंच आलं. पुढे इंटरव्ह्यूच्या दिवसांत सुट्टीसाठी सीनियरच्या विनवण्या. आणि जूनपर्यंत पुढचं कंत्राट हातात नसेल तर जे-वन व्हिसा संपल्यावर ३० दिवसांत गाशा गुंडाळायचा.

म्हणून हो म्हणण्याआधी एकच विचारा: गेल्या काही वर्षांतले तुमचे प्रिलिम पुढे कुठे गेले? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा. एक फायदा मात्र खरा आहे. कुणी रेसिडेन्सी मध्येच सोडली की दुसऱ्या वर्षाची सीट रिकामी होते, आणि ती मॅचच्या बाहेरच भरली जाते. माझ्या सोबतच्या एकाला एप्रिलमध्ये अशीच सर्जरी मिळाली. कोऑर्डिनेटर बाईंशी त्याचं चांगलं जमायचं, त्यांनीच त्याला कळवलं.

रिसर्च पगारी असेल तरच. फुकट राबवून घेणारे भेटतात, आणि पत्राचं गाजर वर्षभर पुढे सरकत राहतं.

नीट पीजीत कमीपणा काहीच नाही, पण ती मनापासून द्या. 'एमएस करून मग अमेरिका बघू' असं मनात असेल तर लक्षात घ्या, तिथे रेसिडेन्सी बहुतेक वेळा पहिल्यापासूनच करावी लागते. शिवाय परदेशी डॉक्टरांना लागणाऱ्या ईसीएफएमजी सर्टिफिकेटसाठी सगळ्या परीक्षा सात वर्षांच्या आत पास व्हाव्या लागतात.

मी दुसऱ्या खेपेला सर्जरी आणि इंटर्नल मेडिसिन दोन्हीकडे अर्ज केले. मेडिसिन मिळालं. आई अजून नातेवाइकांना 'सर्जरीत आहे' म्हणूनच सांगते, मीही दुरुस्त करत नाही.

सरकारी कॉलेजचे असाल आणि सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष बाकी असेल तर पैसे भरून सुटण्याचा विचार करण्याआधी थांबा, हे वर्ष पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) घालवा. मी माझं रायगडात केलं होतं. पहिल्या अर्जात ते एका ओळीत उरकलं, कारण मला वाटलं सर्जरीवाल्यांना त्याचं काय. दुसऱ्या अर्जात नीट लिहिलं. मेडिसिनच्या एका इंटरव्ह्यूत लाल विंचू चावलेला, घामाने भिजलेला मुलगा आणि त्याला दिलेलं प्राझोसिन हे औषध याबद्दल विचारलं. मी त्या उपचारावर आयुष्य घालवलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल बोलत सुटले. वेळ संपली तरी प्रोग्राम डायरेक्टर विचारतच होते, की तुमच्या पीएचसीत त्या रात्री बीपी कोण मोजत होतं?