डोंगर तोच, रानफुलं तीच. मग मध एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम, असं का होतं?

फुलोरा दिसला म्हणजे मकरंद आहेच, असं नसतं. मी महाबळेश्वर-जावळी भागात सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या सांभाळतो. इथे मुळाशी ओल आणि फुलावर ऊन, दोन्ही एकाच वेळी मिळालं तरच पेटीला मध चढतो.

मकरंद म्हणजे पानांनी उन्हात तयार केलेली साखर, पाण्यात विरघळून फुलाच्या बुडाशी पाझरलेली. आभाळ दाटलेलं असलं की साखर कमी तयार होते. जमीन सुकली की पाझरायला पाणीच उरत नाही.

कारवीचं बघा. सात-आठ वर्षांनी एकदा उतारच्या उतार जांभळे होतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पाऊस अजून गेलेला नसताना. फूल तोडून नळीचं टोक जिभेला लावा. रात्रभर धुकं असेल तर सकाळी थेंब मोठा, पण पाणचट लागतो. ऊन पडलं की अकराच्या सुमारास तोच थेंब बारीक, चिकट आणि चांगला गोड होतो, आणि माश्या तुटून पडतात. नळीमुळे कारवी एखादी सर निभावून नेते. उघड्या, उथळ फुलांतला मकरंद मात्र धुऊन जातो. झड लागली तर माश्या बाहेरच पडत नाहीत, साठवलेला मध खातात. अशा वर्षी डोंगरभर कारवी फुलूनही पोळ्यात काही राहत नाही.

महाबळेश्वरला वर्षाला 5500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर जेमतेम 20 किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणून पूर्वेकडे, पाचगणीच्या बाजूला ऊन आधी मिळतं. पण सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावरची माती वीतभरही नसते. पाऊस उघडून कोरडा वारा सुटला की फुलं टवटवीत दिसतात आणि आतून कोरडी असतात.

मार्च-एप्रिलमधल्या जांभळाचं वेगळं. मुळं खोल, त्यामुळे ओलीची चिंता कमी. त्याला घात करतो तो अवकाळी पाऊस. मकरंदही जातो आणि मोहरही झडतो.

पेट्या दुसरीकडे हलवायच्या असतील तर आधी त्या भागातल्या एखाद्या पेटीच्या दाराशी अकराला बसा. परतणाऱ्या माश्यांच्या पायांना पराग आहे, पण पोटं फुगलेली नाहीत, असं दिसलं तर तिथे फुलं आहेत, मकरंद नाही. गाडी ठरवायची घाई करू नका.