आजीचे दळण आणि नातीचे वजन

प्रश्न : माझी आजी पंचवटीतल्या वाड्यात राहायची. दळण, कांडण, आडाचे पाणी, गंगेवरचे (गोदावरीवरचे) धुणे ही कामे तिने वयाच्या साठीपर्यंत केली. भाकरी पोटभर खाऊनही ती आयुष्यभर सडपातळ राहिली. मी बँकेत नोकरी करते, तिच्यापेक्षा कमी खाते, रोज अर्धा तास फिरते. तरीही १० वर्षांत माझे वजन १४ किलोंनी वाढले. हा फरक केवळ कामाचा आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : फरक बराचसा कामाचा आहे, पण ‘केवळ’ हा शब्द मला मान्य नाही.

जात्यावर बसणारी बाई एक पाय दुमडून दुसरा लांब पसरते, एका हाताने दाण्यांची वैरण घालते आणि दुसऱ्या हाताने खुंटा ओढते. त्या ओढीत खांदा, पाठ आणि पोट असे सारेच स्नायू राबतात. दळण आटोपले की रहाटाचे पाणी, मग धुण्याचे ओझे घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आणि ओले, अधिक जड झालेले ओझे घेऊन त्याच चढायच्या. ‘व्यायाम’ हा शब्दही न उच्चारता दिवसाचे कितीतरी तास असे हालचालीत जात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने साध्या चालीने अर्धा तास चालल्यास सुमारे १०० कॅलरी, म्हणजे जेमतेम एका पोळीइतकी ऊर्जा खर्च होते. तुमचे फिरणे मुळीच सोडू नका, मात्र उरलेला दिवस खुर्चीत जात असेल तर त्याची भरपाई तेवढ्याने होत नाही.

बैठ्या कामात भूकही आपल्याला फसवते. आहारशास्त्रज्ञ झाँ मायेर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील ताग गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बसून काम करणारे कारकून हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होते आणि वजनानेही भारी होते. हालचाल फार कमी झाली की भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, असा त्याचा अर्थ.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टांझानियातील शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच असल्याचे २०१२ मध्ये आढळले. श्रम वाढले की शरीर इतर ठिकाणी काटकसर करत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून ताटाचा विचार टाळता येत नाही. त्या पिढीत तेल बेताने वापरले जाई, गोडधोड सणावारी होई आणि घरातल्या बायका सर्वांच्या मागून, उरेल ते जेवत. कित्येकींचा सडपातळपणा आरोग्याचा नव्हता, त्यामागे अर्धपोटी राहणे आणि रक्तक्षय होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढलेल्या घरांना हे सांगावे लागणार नाही.

तुम्ही जाते विकत आणावे, असे मी सुचवणार नाही. बँकेत दर अर्ध्या तासाने उठा, जिना वापरा, भाजी चालत जाऊन आणा, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. आठवडाभर चहाची साखर आणि संध्याकाळचे फरसाण यांसह सारे खाणे लिहून ठेवा. ‘कमी खाते’ हा अंदाज प्रामाणिक असूनही बहुधा चुकतो. १४ किलोंची वाढ असल्याने थायरॉईड आणि रक्तातील साखर तपासून घ्या, आणि कंबर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही तिची मर्यादा मानली जाते.