मनातून माफ केलंय, मग भेटायला जायचं कशाला?

प्रश्न : ताई, सलाम. मी जरीपटक्यात राहतो, चर्चच्या क्वायरमध्ये गातो, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देणं, चुकवत नाही. बाबा गेल्यावर घराच्या हिश्श्यावरून मोठ्या भावाशी वाजलं, 4 वर्षं झाली बोलणं बंद आहे, तो मोहननगरला, म्हणजे फार लांब पण नाही. पाळक म्हणतात आज्ञा पाळ, जाऊन भेट. मी तर त्याला मनातून केव्हाच माफ केलंय. तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं होतं, कर्मांनी नाही, मग आज्ञेचा एवढा आग्रह काऊन? आणि गेलो तर तो पुन्हा हक्कसोडपत्रावर सही मागेल.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, यात काहीच वाद नाही, बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8 तेच सांगतं, पण तिथंच न थांबता दहावं वचन पण वाचा, सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलंय म्हणतो पत्र लिहिणारा प्रेषित पौल. आणि ज्या रोमकरांस पत्रावर आपण विश्वासाची सगळी शिकवण उभी करतो ना, त्याच्या सुरुवातीला (1:5) आणि अगदी शेवटी (16:26) विश्वास आणि आज्ञापालन जोडीनंच येतात.

आता घरातलंच बघा. आई म्हणते, "हा पोरगा माझं ऐकतच नाही", तेव्हा पोराचे कान खराब आहेत असं कोणाला वाटत नाही. हिब्रूतला शमा हा शब्द अगदी असाच आहे, ऐकणं आणि मानणं दोन्ही त्यातच, ग्रीकमध्ये पण आज्ञापालनाचा शब्द ऐकण्यावरूनच बनलाय. म्हणजे रविवारी वचन ऐकलं आणि सोमवारी जागचे हललो नाही, तर बायबलच्या भाषेत आपण ऐकलंच नाही.

शत्रू अमालेक्यांचं काहीच राखू नको अशी देवाची आज्ञा असताना इस्राएलच्या शौल राजानं त्यांची चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, का तर म्हणे देवाला यज्ञ करू, आणि शमुवेल संदेष्ट्यासमोर म्हणतो मी आज्ञा पाळली, तर मागे मेंढरं ओरडतायत (1 शमुवेल 15). मला हे वाचताना दरवेळी धस्स होतं, कारण आपण पण देवाला तेच देतो जे द्यायला आपल्याला सोपं जातं. तुमचं गाणं, तुमचा दशांश चांगलंच आहे हो, पण मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो अर्पण वेदीपुढं ठेव आणि आधी भावाशी समेट कर. आणि नीट वाचा, तुझ्या मनात भावाबद्दल काही असेल तर, असं नाही म्हटलेलं, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणून "मी मनातून माफ केलंय" हे या वचनाला उत्तर होत नाही.

माझ्या आईचं आणि काकूचं 6 वर्षं वाकडं होतं. एका हिवाळ्यात आईनं सांबारवड्या केल्या, डबा घेतला आणि एकटीच गेली. काकूनं दार उघडलं नाही, खिडकीचा पडदा तेवढा हलला. आई फाटकाशी दहा मिनिटं उभी राहिली, मग डबा कडीला अडकवून घरी आली. मी चिडले, काय मिळालं जाऊन म्हटलं, तर पदरानं हात पुसत म्हणाली, "येशूनं जा म्हटलं, ती दार उघडेल असं कुठं म्हटलं?" विश्वास म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

राहिली सही. समेटाची आज्ञा म्हणजे सहीची आज्ञा नाही, हे पक्कं धरा. हिस्सा स्वतःहून सोडावासा वाटला तर प्रार्थना करून, बायकोशी बोलून, वकिलाला कागद दाखवून ठरवा, पण दडपणाखाली पेन हातात घेऊ नका. मोठा आहे म्हणून तो म्हणेल ते सगळं मानायचं, याला ख्रिस्ती आज्ञापालन म्हणत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका. येत्या रविवारी उपासनेच्या वेळेलाच मोहननगरला जा, क्वायरमध्ये एक आवाज कमी पडला तर चालतंय, पाळकांना आधी सांगून ठेवा. घराचा विषय तुम्ही काढू नका, वहिनी चहा ठेवतील तर बसा, नाही ठेवला तरी पाच मिनिटं बसा.